म्हातारी वानरी कडेला का बसते

रामटेकच्या गडावर जाणारा माणूस पायऱ्या चढता चढता फुटाण्याची पुडी घेतो आणि पुढच्या वळणावर ती वानरांच्या स्वाधीन करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही तेच केलं. (रानातल्या जनावरांना असं खाऊ घालणं त्यांच्याही हिताचं नाही आणि आपल्याही, हे मला पुढे कळलं आणि पटलं.) काळ्या तोंडाची ती टोळी बघता बघता गोळा झाली. पिल्लं पोटाशी घेतलेल्या माद्या आल्या, शेपट्या उभ्या धरून तरणी पोरं आली. एक मात्र आली नाही. कठड्याच्या टोकाला, बाकीच्यांपासून आठ-दहा हात लांब ती बसून राहिली. केस विरळ झालेले, पाठीला पोक, खालचा ओठ सैल सुटलेला. एक फुटाणा घरंगळत तिच्यापाशी गेला. तिची बोटं दगडावर दोनदा चाचपडली, तिसऱ्यांदा फुटाणा चिमटीत आला. तेवढ्यात एक तरणी मादी तिच्यासमोर येऊन बसली. काही केलं नाही, नुसती बसली. म्हातारीने फुटाणा सोडला आणि ती आणखी दोन हात मागे सरकली.

"तिले हातावर द्या जी," फुटाणेवाली म्हणाली. "खाली टाकलं का बाकीच्या नेतेत. म्हातारी हाय ते."

माकडाचं म्हातारपण हा विषय माझ्या मनात शिरला तो तिथे. बोटं का चाचपडली, डोळ्यांना कमी दिसत होतं का, आणि मुख्य म्हणजे हातात आलेला घास तिने सोडला का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला शरीरशास्त्रात सापडली. तिसऱ्याचं उत्तर सापडायला बराच वेळ लागला.

आधी शब्दांचं. आपल्याकडे वानर आणि माकड ही दोन वेगळी जनावरं आहेत. वानर म्हणजे काळतोंड्या, लांब शेपटीचा. त्याच्या नराला हुप्प्या म्हणतात. माकड म्हणजे लाल तोंडाचं, कोकणातली केलडी. म्हातारपणाचा बहुतेक अभ्यास झाला आहे तो या दुसऱ्या घराण्यातल्या, उत्तर भारतातल्या ऱ्हीसस माकडावर. रक्तगटातला 'आरएच' ज्याच्या नावावरून आला तेच हे माकड. त्याची सुमारे ९३ टक्के जनुकीय लिपी आपल्याशी जुळते, आणि त्याचं आयुष्य आपल्याच आयुष्याची आवळलेली प्रत वाटावी असं असतं. मादी तीन-चार वर्षांत वयात येते, पंचविशीच्या आसपास तिची पाळी थांबते. पिंजऱ्यात नीट सांभाळलेलं माकड पंचवीस-सत्तावीस वर्षं जगतं, चाळीस ओलांडणारं विरळा. त्यामुळे माकडाचं एक वर्ष म्हणजे माणसाची साधारण तीन, असा हिशेब अभ्यासक धरतात. वीस वर्षांचं माकड म्हणजे साठीचा माणूस.

आणि साठीच्या माणसाला जे जे होतं ते बहुतेक सगळं त्यालाही होतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो. गुडघे आणि मणके झिजतात, पाठ वाकते. दात घासून सपाट होतात, मांड्यांचं मांस उतरतं, हाडं ठिसूळ होतात. ऐकू कमी येतं. पिंजऱ्यातल्या सुखवस्तू माकडांची पोटं सुटतात आणि काहींना मधुमेह जडतो. हालचाल मंदावते, विशेषतः बोटांची. वाकड्या तारेत ओवलेली गोळी काढून घ्यायला म्हाताऱ्या माकडाला तरण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. हालचालींवर ताबा ठेवणारं डोपामिन हे रसायन मेंदूत वयाबरोबर कमी होत जातं, हे त्यामागचं एक मोठं कारण.

डोळ्यांची एक गोष्ट मला फार आवडते. ती माकडांची नाही, त्यांच्याहून आपल्या जवळच्या बोनोबो या कपीची आहे. काँगोमधल्या वांबा इथे जपानी अभ्यासक वर्षानुवर्षं रानातले बोनोबो पाहत आले आहेत. बोनोबो तासन् तास एकमेकांच्या केसांतून बोटं फिरवत, उवा आणि कचरा वेचत बसतात. तरणा बोनोबो हे काम नाक लावून करतो. म्हातारा मात्र हात लांब करून, मान मागे घेऊन, डोळे बारीक करून केसांकडे बघतो. चष्मा घरी विसरलेला माणूस वर्तमानपत्र जसं धरतो, अगदी तसा. ११ ते ४५ वर्षं वयाच्या १४ बोनोबोंची छायाचित्रं घेऊन संशोधकांनी डोळा आणि बोट यांतलं अंतर मोजलं आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. वय वाढतं तसं अंतर वाढतं, आणि चाळीसच्या पुढे ते झपाट्याने वाढतं. जवळचं दिसेनासं होण्याला मराठीने 'चाळिशी' हे नाव दिलं, ते काँगोच्या जंगलातही खरं ठरलं. डोळ्याचं भिंग वयाबरोबर ताठर होतं आणि जवळच्या वस्तूसाठी फुगेनासं होतं, याचा पुस्तक वाचण्याशी किंवा दिव्याखाली शिवण करण्याशी संबंध नाही. ऱ्हीसस माकडांतही भिंग असंच ताठरतं, फक्त त्यांच्या लहान आयुष्याच्या मापाने लवकर.

मनाचं काय होतं, हे कळायला जरा कसरत लागते, कारण माकडाला विचारता येत नाही. त्यासाठी एक जुनी, साधी परीक्षा आहे. माकडासमोर एक पाट, पाटात दोन खळगे. त्याच्या डोळ्यांदेखत एका खळग्यात मनुका ठेवतात आणि दोन्ही खळगे सारख्याच झाकणांनी झाकतात. मग मध्ये पडदा सोडतात. काही सेकंदांनी पडदा उचलला की माकडाने एकच झाकण उचलायचं. पडदा सोडलाच नाही, तर म्हातारं माकड चुकत नाही. मनुका कुठे आहे हे त्याला दिसलेलं असतं, कळलेलं असतं. पडद्याचे सेकंद वाढवत नेले की तरणं माकड टिकून राहतं आणि म्हातारं गोंधळतं. पाहिलेलं पडद्याआड गेल्यावर तेवढा वेळ ते मनात धरून ठेवणं, नेमकं हेच सुटत जातं. स्वयंपाकघरात गेलो आणि कशाला आलो ते आठवेना, असं जे आपल्याला होतं, ते याच जातीचं.

हे धरून ठेवण्याचं काम कपाळामागच्या मेंदूत चालतं. तिथल्या काही चेतापेशींचा एक विलक्षण गुण आहे. समोर काही नसताना, पडदा पडलेला असताना त्या विजेचे ठोके देत राहतात, जणू मनुका अजून दिसतेच आहे. पडदा उचलेपर्यंत ठोके चालू राहिले तर माकड बरोबर झाकण उचलतं, मध्येच विझले तर चुकतं. येल विद्यापीठात पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी या पेशींच्या अभ्यासाला आयुष्य दिलं. तिथेच एमी आर्नस्टेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरण्या, मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या माकडांतल्या अशा पेशींचे ठोके मोजले आणि २०११ मध्ये निकाल मांडला. मनुका दिसताक्षणी ठोका देणाऱ्या पेशी म्हातारपणीही ठणठणीत होत्या. विझत चालल्या होत्या त्या मधला काळ धरून ठेवणाऱ्या, आणि ती उतरण मध्यमवयातच सुरू झालेली होती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांना पुढे दिसली. या पेशी मेलेल्या नव्हत्या. त्यांच्या भोवतीचं रासायनिक वातावरण बिघडलं होतं. एका रसायनाचा जोर वयाबरोबर वाढला होता, त्यामुळे पेशीच्या भिंतीतली सूक्ष्म दारं उघडी राहत आणि ठोका जोर धरण्याआधीच गळून जाई. रक्तदाबावर पूर्वीपासून वापरात असलेलं ग्वानफासिन हे औषध पेशीपाशी सोडल्यावर ती दारं मिटली आणि म्हाताऱ्या पेशीचे ठोके पुन्हा वाढले. याचा अर्थ कुणी उद्यापासून ही गोळी घ्यावी असा नाही. पण म्हातारा मेंदू म्हणजे पडझड झालेलं घर, ही आपली ठरीव कल्पना इथे ढासळते. पूर्वी सर्रास मानलं जाई की वय वाढलं की मेंदूतल्या पेशी रोज मरत जातात. बोस्टन विद्यापीठात अॅलन पीटर्स यांनी म्हाताऱ्या ऱ्हीसस माकडांच्या मेंदूचे काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षं पाहिले. पेशींची संख्या जवळपास शाबूत होती. बिघडलेली होती ती पेशींना जोडणाऱ्या धाग्यांवरची मायलिनची आवरणं. तारेवरचं प्लास्टिक जुनं होऊन तडकावं, फुगावं तशी ती झाली होती. ज्या माकडाची आवरणं जास्त खराब, ते परीक्षेत जास्त मागे. शिवाय कपाळामागच्या पेशींवर जे बारीक बारीक काटे असतात, जिथे दुसऱ्या पेशी येऊन टेकतात, तेही विरळ होतात, आणि नवं शिकायला लागणारे सर्वांत नाजूक काटे सर्वांत आधी जातात.

आणखी एक कौशल्य लवकर उतरतं, ते म्हणजे नियम बदलला की आपणही बदलणं. लाल खूण निवडली की बक्षीस, हे माकड शिकलं. मग अचानक बक्षीस त्रिकोणाकडे गेलं. तरणं माकड थोडं चुकून वळतं. वयस्क माकड लालच निवडत राहतं. हा हट्टीपणा बारा-तेराव्या वर्षापासूनच, म्हणजे आपल्या चाळिशीच्या आतबाहेर दिसू लागतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या 'आम्ही असंच करत आलो' यावर चिडण्याआधी मला हल्ली ते माकड आठवतं.

मात्र सगळी माकडं सारखी म्हातारी होत नाहीत. प्रत्येक अभ्यासात दोन-चार म्हातारी अशी निघतात की त्यांचे गुण पाहून वय ओळखता येऊ नये. म्हाताऱ्या माकडांच्या मेंदूत अल्झायमरच्या रुग्णांत दिसणारे अमायलॉइडचे साके जमतात, टाऊ या प्रथिनाचा बिघाडही काहींत सुरू होतो. तरीही माणसाला ज्या थराला तो आजार नेतो, घरच्यांचे चेहरे पुसून टाकतो, त्या थराला माकड सहसा जात नाही.

कमी खाल्लं तर म्हातारपण लांबतं का, हे पाहायला अमेरिकेत दोन ठिकाणी माकडांना वर्षानुवर्षं सुमारे ३० टक्के कमी अन्नावर ठेवलं गेलं. राष्ट्रीय वार्धक्य संस्थेत १९८७ पासून, विस्कॉन्सिनमध्ये १९८९ पासून. विस्कॉन्सिनच्या कँटो आणि ओवेन या दोन नरांची छायाचित्रं जगभर छापली गेली. कमी खाणारा कँटो सडपातळ आणि तुकतुकीत, पोटभर खाणारा ओवेन सुरकुतलेला, पोक काढलेला. २००९ मध्ये विस्कॉन्सिनने सांगितलं, आयुष्य वाढतं. २०१२ मध्ये दुसऱ्या संस्थेने सांगितलं, वाढत नाही. मग दोघांनी आपापल्या वह्या एकत्र ठेवल्या आणि २०१७ मध्ये उलगडा केला. विस्कॉन्सिनच्या पोटभर खाणाऱ्या माकडांना हवं तेवढं मिळे आणि त्या अन्नात साखर भरपूर होती. दुसरीकडची 'पोटभर' माकडंही मुळात मापात आणि साध्या अन्नावर होती, त्यामुळे त्यांचं आणखी कमी करून फारसं काही साधलं नाही. तिथला शेर्मन नावाचा कमी अन्नावरचा नर ४३ वर्षं जगला. मला या प्रयोगांतून मिळालेलं ज्ञान मोलाचं वाटतं, आणि चार दशकं पिंजऱ्यात काढलेल्या त्या जनावराबद्दल वाईटही वाटतं. दोन्ही खरं आहे. भारताने ऱ्हीसस माकडांची निर्यात १९७८ मध्ये, मोरारजी देसाई पंतप्रधान असताना बंद केली, त्यामागे ही दुसरी भावनाही होती.

त्याच्या चाळीस वर्षं आधी, १९३८ मध्ये, क्लॅरेन्स कार्पेंटर या अमेरिकन अभ्यासकाने भारतातून चारशेच्या वर ऱ्हीसस माकडं बोटीने नेऊन प्वेर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो या बेटावर सोडली. बेट चिमुकलं, सुमारे ३८ एकरांचं. आज तिथे दीड हजारांहून अधिक माकडं आहेत, सगळी त्या भारतीय माकडांची नातवंडं-पतवंडं. पिंजरा नाही. प्रत्येकाची आई माहीत, जन्मतारीख माहीत. म्हातारपण मोकळ्यावर पाहायला याहून चांगली जागा नाही.

या बेटावर २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया हे चक्रीवादळ आदळलं. बहुतेक झाडोरा उन्मळून गेला, सावली संपली. माकडं मात्र आश्चर्यकारकरीत्या बहुतेक वाचली. वादळाआधी आणि नंतर घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांतून दिसलं की वाचलेल्या माकडांच्या रोगप्रतिकारक पेशी सरासरीने दोन वर्षं जास्त म्हाताऱ्या झाल्या होत्या. संशोधकांच्या हिशेबाने माणसाची सात-आठ वर्षं. एका आपत्तीत माणूस 'एकदम म्हातारा दिसायला लागला' असं आपण म्हणतो. ते रक्तात मोजता येतं. पण इथेही सगळ्यांना सारखा फटका बसला नाही. काहींच्या पेशींवर वादळाचा मागमूस नव्हता.

याच बेटावर लॉरेन ब्रेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माद्यांच्या मैत्रीचा हिशेब अनेक वर्षं ठेवला. एकाच मादीचं वय वाढताना तिचं वर्तुळ कसं बदलतं, हे त्यांना पाहायचं होतं. ते लहान होत जातं. पण इतर माद्या म्हातारीकडे येणं कमी करत नाहीत. म्हातारीच स्वतःहून कमी जणींकडे जाते. ज्यांच्याकडे जाते त्या म्हणजे लेकी, बहिणी आणि जन्माच्या सोबतिणी. फ्रान्समधल्या रोकामादूर इथे मोकळ्या राखलेल्या बार्बरी माकडांतही यूलिया फिशर यांच्या गटाला असंच दिसलं. नव्या खेळण्यात म्हाताऱ्या माकडांना रस उरलेला नव्हता. मैत्रिणीची किंकाळी ध्वनिक्षेपकातून ऐकवली की मात्र म्हाताऱ्या माद्या मान वळवत. टोळीतल्या माकडांची, नव्या पिल्लांची छायाचित्रं त्या आवर्जून बघत. पडद्याआडची मनुका सुटली तरी आपलं माणूस सुटत नाही, असं मी ते वाचताना वहीत लिहून ठेवलं.

पण मग रामटेकची म्हातारी? ती तर लेकीबाळींत बसलेली नव्हती.

तिचं उत्तर मला अबूच्या डोंगरावर मिळालं. सारा ब्लॅफर हर्डी या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ १९७१ पासून काही वर्षं तिथल्या वानरांच्या टोळ्यांमागे हिंडल्या. त्यांच्या लक्षात आलं की वानरांची रीत माकडांच्या उलटी आहे. लाल तोंडाच्या माकडांत घराणं चालतं. आईचा मान लेकीला मिळतो, आणि लेकीबाळी पाठीशी असल्यामुळे आईचा मान म्हातारपणीही टिकतो. वानरांत मान वयाबरोबर उतरतो. नुकत्याच वयात आलेल्या माद्या भराभर वर चढतात, आयुष्य सरत आलेल्या माद्या तळाशी जातात, कडेला राहतात, आणि तरणी समोर येऊन बसली की घास सोडून बाजूला सरकतात. भांडण नाही, चावा नाही. फुटाणेवालीने जे रोज पाहून ओळखलं होतं तेच हर्डींच्या वह्यांत नोंदींनी सिद्ध झालेलं होतं. रामटेकच्या म्हातारीची बोटं वयाने चाचपडली असतील. घास तिने सोडला तो वानरांच्या रीतीने.

मात्र अबूच्या त्या वह्यांत आणखी एक म्हातारी आहे. हर्डींनी तिचं नाव सोल ठेवलं होतं. पिल्लं होण्याचं वय सरलेलं, टोळीच्या कडेकडेने एकटीच चरायची. टोळीवर 'मग' नावाचा एक नवा हुप्प्या चालून आला. नव्याने टोळी काबीज करणारा हुप्प्या आधीच्या नराची अंगावरची पिल्लं मारायला बघतो, म्हणजे त्यांच्या आया लवकर माजावर येतात. मगने एका मादीच्या पिल्लावर पुन्हा पुन्हा झडप घातली. पिल्लाच्या आईचं बळ अपुरं पडत होतं. टोळीत तरण्या, मानाच्या माद्या होत्या. पण वजनाने आपल्या जवळजवळ दीडपट असलेल्या, सुळे विचकणाऱ्या त्या नराच्या अंगावर धावून गेल्या त्या दोन वयस्क माद्या. एक सोल. दुसरीचं नाव हर्डींनी पॉलेस ठेवलं होतं, म्हणजे पंजा नसलेली. दोघींनी मिळून त्याच्या तावडीतून पिल्लू हिसकावून घेतलं.

हर्डींचं स्पष्टीकरण असं की टोळीतल्या माद्या एकमेकींच्या नात्यातल्याच असतात. स्वतःचं पिल्लू होण्याची आशा सरलेल्या म्हातारीजवळ राखून ठेवण्यासारखं थोडंच उरतं, आणि टोळीतलं प्रत्येक पिल्लू तिच्या रक्ताचं असण्याचा संभव असतो. म्हणून घासासाठी तरणीसमोर एक हातही न उगारणारी सोल पिल्लासाठी हुप्प्याला भिडली.